उपास आणि उपाशी

आमच्या घरात सकाळचं हवामान दोनदा कळायचं. पहिल्यांदा रेडिओवर, की ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गुंगालिन उपनगरात पहाटे पारा शून्याखाली गेलाय आणि गाड्यांच्या काचांवर बर्फ धरलंय. दुसऱ्यांदा बाबा संडासातून बाहेर आल्यावर, त्यांच्या चेहऱ्यावर. आई तव्यापाशी उभी राहून तो चेहरा वाचायची आणि विचारायची, "झालं का?" बाबा "झालं" म्हणाले की दिवस बरा जाणार. "तसं झालं" म्हणाले की डब्यात पालेभाजी वाढायची. आणि नुसताच हुंकार भरला, तर मी दप्तर उचलून मुकाट्याने बसस्टॉप गाठायचे, कारण त्या दिवशी घरात प्रत्येकाचं काही ना काही चुकणार हे ठरलेलं असायचं. माझ्या ऑस्ट्रेलियन मैत्रिणींच्या घरी वडिलांच्या पोटाविषयी कुणी बोलत नसे, हे मला बरंच उशिरा कळलं. त्यांना वडिलांविषयी एवढी कमी माहिती कशी, याचं मला नवल वाटायचं.

बाबा एका सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर कॉम्प्युटरचं काम करत. बसने शहरात जात, संध्याकाळी येत, आणि मधल्या वेळात ऑफिसातल्या खुर्चीवर आठ-नऊ तास न हलता बसत. त्याचा आणि पोटाचा काही संबंध असेल असं त्यांना कधी वाटलं नाही. पोट हा त्यांच्या मते घराण्याचा विषय होता. "आमच्याकडे सगळ्यांनाच पित्त," असं ते काहीशा अभिमानाने सांगत. कपाटातला एक अख्खा खण त्यांच्या पोटाच्या नावावर होता. ओवा, बडीशेप, हिंगाष्टक, इसबगोल, आमसुलं, शिवाय पुण्याहून कुणी येणार असलं की मागवलेल्या, नाव नसलेल्या काळ्या गोळ्या. इथे नवीन असताना ते एकदा डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, "डॉक्टर, माय बाइल हॅज रिझन." डॉक्टर बिचारा घाबरला. पित्ताशयाची सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, एका स्पेशालिस्टकडे चिठ्ठी गेली. सगळं व्यवस्थित निघालं. "यांना पित्तच कळत नाही, तर सापडणार कुठून," असं म्हणत बाबा घरी आले आणि आईने त्यांना आमसुलाचं सार करून दिलं.

आम्ही घरात तीनच माणसं, पण जेवणाच्या वेळाही तीन. मी सहाला जेवायचे, कारण माझं नेटबॉल असायचं आणि माझ्या ओळखीतलं सगळं जग सहाला जेवायचं. बाबांच्या मते सहाला जेवणं हे हॉस्पिटलमधल्या पेशंटचं काम होतं. ते येत, अंघोळ करत, पुण्याला फोन लावत, बातम्या बघत आणि साडेआठ-नऊला पानावर बसत. त्यांना पोळी नको असायची, फुलका हवा असायचा, आणि तोही तव्यावरून थेट ताटात. डब्यातली पोळी खाल्ली की त्यांचं पोट धरायचं. म्हणून ते जेवत असताना आई गॅसपाशी उभी असायची. एक फुलका फुगला की ताटात, दुसरा तव्यावर. मधूनच "हा थोडा कच्चा राहिला" असा शेरा. त्यांचं जेवण संपलं की ते बडीशेप चघळत सोफ्यावर आडवे होत, आणि आई ओटा आवरायला घेई. ओटा आवरता आवरता पातेल्यात उरलेलं काहीतरी, उरलेल्या अर्ध्या फुलक्याबरोबर, तिथेच उभी राहून खाई. कधी खाई, किती खाई, हे आम्हाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पातेली स्वच्छ असत, त्याअर्थी तीही जेवत असणार.

तिची नोकरी एका चाइल्डकेअरमध्ये होती. तिथे साडेअकराच्या ठोक्याला दोन-दोन वर्षांची पोरं छोट्या खुर्च्यांवर बसत आणि आई त्यांच्यामध्ये गुडघे मुडपून बसून त्यांना सांगे, "स्लोली, डार्लिंग. चू प्रॉपर्ली. बॉटम्स ऑन द चेअर." स्वतःचा डबा मात्र अर्धा तसाच परत आणायची. सकाळी उठल्यावर चहा, पोरं झोपली की चहा, घरी आल्यावर चहा. त्यात तिचे उपास. सोमवार होता, चतुर्थी होती, दोन्ही एकादश्या होत्या, आणि गुरुवार होता. हा गुरुवार तिने बाबांचा व्हिसा अडकला होता तेव्हा धरलेला. पुढे इथे कायम राहण्याचं पीआर आलं, मग सिटिझनशिप आली, पण गुरुवार काही सुटला नाही. तो रीतसर उद्यापन करून सोडायचा असतो आणि ते उद्यापन दरवर्षी राहून जायचं. तिच्या पोटाबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय, दगड पचतील." रात्री बाबांच्या खणातला ओवा मात्र भराभर संपायचा. बाबांना वाटायचं, तो आपणच संपवतोय.

या देशात पन्नाशी झाली की सरकार वाढदिवसाची आठवण ठेवून घरी एक पाकीट पाठवतं. आत दोन नळ्या, दोन काड्या आणि चित्रांसह सूचना असतात. शौचाचा कणभर नमुना घेऊन पोस्टाने परत पाठवायचा. आतड्याच्या कॅन्सरची शंका वेळीच यावी म्हणून डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं का, ते बघतात. बाबांचं पाकीट आलं तेव्हा घरात एखादं कार्य निघाल्यासारखं झालं. रबरी मोजे आणले, सूचना मोठ्याने वाचल्या गेल्या, मला तो सगळा दिवस वरच्या मजल्यावर थांबायला सांगितलं. नमुना थंड जागी ठेवा असं लिहिलं होतं म्हणून बाबांनी तो फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवला. आईने श्रीखंड, दही, लोणी आणि सगळी भाजी बाहेर काढली आणि फ्रिज त्या एका पाकिटाला मोकळा करून दिला. निकाल चांगला आला तेव्हा बाबांनी ऑफिसात लाडू नेले. कशाचे म्हणून विचारल्यावर त्यांनी काय सांगितलं असेल याचा मी अजूनही अधूनमधून विचार करते.

आई चार वर्षांनी लहान. तिचं पाकीट आलं ते फ्रिजच्या वर, पापडाच्या डब्यामागे गेलं आणि तिथेच राहिलं. आठवणीचं पत्र आलं तेव्हा बाबा म्हणाले, "करून टाक गं, त्यात काय आहे, मी केलं की." मग तिने ते कधीतरी केलं. कुणाला कळलं नाही. मोजे आणले गेले नाहीत, फ्रिज रिकामा झाला नाही. दोन मशीन कपडे वाळत घालण्याच्या मधल्या वेळात केलं असणार.

डॉक्टरांच्या क्लिनिकमधून फोन आला तेव्हा शनिवारची दुपार होती, बाबा पानावर बसले होते आणि आईचे हात पिठात होते, म्हणून तिचा फोन मी घेतला. पलीकडच्या बाईंना आईशीच बोलायचं होतं. मी स्पीकर लावून फोन ओट्यावर धरला. रक्त सापडलं होतं. घाबरण्याचं कारण नाही, पण कोलोनोस्कोपी करायला हवी, म्हणजे आतड्यातून कॅमेरा घालून बघायला हवं. आई "ओके, थँक यू, नो वरीज" म्हणाली आणि तिने तव्यावरचा फुलका उलटला. तो जळला होता. बाबांनी तो खाल्ला. जळलेल्या फुलक्याबद्दल ते काही बोलले नाहीत तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

त्यानंतरच्या सकाळी बाबांच्या पोटाचा अहवाल आलाच नाही. आई सवयीने विचारायची, "झालं का?" आणि ते म्हणायचे, "माझं राहू दे." संध्याकाळी आल्यावर पुण्याला फोन लावत नसत. कॉम्प्युटरवर बसत, आणि मी आत गेले की घाईघाईने स्क्रीन बदलत. मी सोळा वर्षांची होते. वडील स्क्रीन बदलतात म्हणजे काय वाचत असतील, हे मला बरोबर कळत होतं, कारण मीही माझ्या खोलीत तेच वाचत होते.

हॉस्पिटलकडून तयारीच्या सूचनांचे कागद आले. बाबांनी ते वाचायला घेतले, कारण घरात इंग्रजी कागद बाबांनीच वाचायचे असा शिरस्ता होता. आधीचे दोन दिवस पांढरं खायचं: पांढरा ब्रेड, भात, साल काढलेला बटाटा, दही. बिया नकोत, साली नकोत. आदल्या दिवशी नुसती पातळ, गाळलेली पेयं आणि पोट साफ करायचं औषध. आणि शेवटी सकाळी सहा तास फास्टिंग. "फास्टिंग म्हणजे उपास," बाबांनी भाषांतर केलं. आईचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. इतक्या वर्षांत या देशाने पहिल्यांदा तिच्या हातात असं काहीतरी दिलं होतं, ज्यात ती तज्ज्ञ होती. "एवढंच ना," ती म्हणाली.

ठरलेल्या दिवशी बाहेर सगळं पांढरं झालेलं. बाबा जुन्या प्लास्टिक कार्डाने गाडीची काच खरवडत होते. हॉस्पिटलात एका हसतमुख नर्सने आईला गाऊन दिला आणि प्रश्न विचारले.

"हॅव यू बीन फास्टिंग, मिसेस पेंड्झी?"

"यस, यस. फुल फास्ट," आई म्हणाली.

"अँड योर लास्ट मील?"

आईने नीट विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "डे बिफोर यस्टर्डे. राइस अँड कर्ड."

"गुड ऑन यू," नर्स म्हणाली आणि कागदावर खूण करून निघून गेली.

मग भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात बारीकसा क्रॉस, छातीवरच्या पट्टीवर डॉ. तुस्कानो. त्यांनी कागदावरचं पेंडसे हे नाव वाचलं, आईकडे पाहिलं, बाबांच्या मफलरकडे पाहिलं आणि सरळ मराठीत विचारलं, "पुण्याचे का?"

बाबा उभेच राहिले. "तुम्ही मराठी?"

"वसईची. बसा तुम्ही." त्यांनी आईच्या पलंगाच्या कडेवर हात टेकवला. "ताई, मला एक सांगा. तुम्ही उपाशी आहात की तुमचा उपास आहे?"

"उपास," आई म्हणाली. "मला सवय आहे हो. वर्षानुवर्षं करते."

"मग सकाळी फराळाला काय घेतलंत?"

"काही नाही, वाटीभर साबुदाण्याची खिचडी. कूटसुद्धा कमी घातलं, पांढरं खायला सांगितलंय ना. काल नुसत्या पाण्यावर काढलं, तो दिवस फार कडक होता. आजचं त्या मानाने सोपं."

डॉ. तुस्कानोंनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं त्या हसणार, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी आईला अगदी शांतपणे सांगितलं की भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊ शकतं, छातीत जाऊ शकतं, आणि माणूस त्याने दगावू शकतो. आज काही करता येणार नाही. पुन्हा तारीख घ्यावी लागेल.

"पण साबुदाणा पचायला किती हलका," बाबा म्हणाले.

"मिस्टर पेंडसे, साबुदाणा हलका असता तर उपासाच्या दुपारी अख्खी वसई झोपली नसती." मग मात्र त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "आमच्या शेजारी जोशी राहायचे. त्यांच्याकडे एकादशी असली की आम्ही भावंडं मुद्दाम त्यांच्या दारात खेळायचो. आमच्या गुड फ्रायडेला कुणी आमच्या दारात येत नसे." आणि जाता जाता आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही काही खोटं बोलला नाहीत. प्रश्नच चुकीचा विचारला गेला."

आईने गाऊन काढला, साडीवरचा स्वेटर चढवला, आणि आम्ही घरी आलो. रस्त्यात बाबा दोनदा म्हणाले, "फास्टिंग म्हणजे उपासच." गंमत अशी होती की त्यांचं भाषांतर कुठल्याही शब्दकोशात बरोबरच निघालं असतं.

पुढची तारीख मिळायला काही आठवडे लागले. तेवढे दिवस आम्हाला काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं हे त्या खिचडीमुळे वाढलं होतं, म्हणून त्या काळात आमच्याकडे साबुदाणा हा शब्द कुणी उच्चारला नाही. एका संध्याकाळी आईने मला ओट्यापाशी बोलावलं आणि माझ्या हातात लाटणं दिलं. "फुलका शिकून घे," ती म्हणाली. मी म्हटलं, "मम, आय हॅव अन असाइनमेंट." ती म्हणाली, "होईल असाइनमेंट. कडेने पातळ लाट, मध्ये जोर नको देऊस. बाबांना जाड झाला तर चालत नाही." मी दोन लाटले, तिसरा ऑस्ट्रेलियाच्या आकाराचा झाला, आणि त्या क्षणी मला एकदम कळलं की ती मला हे आत्ताच का शिकवते आहे. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "स्टॉप इट. आय डोन्ट वॉन्ट टू लर्न धिस." तिला इंग्रजी कळत होतं, आणि त्याच्यामागचं न बोललेलं मराठीही. तिने लाटणं उचललं आणि पुढचा फुलका स्वतः लाटला. मला त्या संध्याकाळइतकी भीती आयुष्यात पुन्हा क्वचितच वाटली. आता माझ्या स्वतःच्या केसांत पांढरं दिसतं, फुलके मला उत्तम येतात, तरी तिसरा लाटायची वेळ आली की मी अजून आधी लाटणं खाली ठेवते.

दुसऱ्या खेपेला आई खरीखुरी उपाशी होती. चहासुद्धा नाही. आणि बाबांनी, कुणी सांगितलेलं नसताना, तिच्या सोबतीला उपाशी राहायचं ठरवलं. आयुष्यात त्यांनी सकाळचा नाश्ता कधी चुकवला नव्हता. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये त्यांना दरदरून घाम फुटला, पित्त उसळलं आणि एका झुडपाशी वाकून त्यांनी ते बाहेर काढलं. आई एका हाताने त्यांची पाठ चोळत होती, दुसऱ्या हातात स्वतःची हॉस्पिटलची बॅग. आम्ही आत शिरलो तेव्हा रिसेप्शनवरच्या माणसाने बाबांकडे बघून चाकाची खुर्ची मागवली. पेशंट कोण आहे हे समजावण्यात थोडा वेळ गेला.

आईच्या आतड्यात मनुकेएवढी एक गाठ निघाली. कॅमेऱ्यातूनच ती काढली आणि तपासायला पाठवली. निकाल यायला आणखी काही दिवस गेले. मग आम्ही तिघंही स्पेशालिस्टसमोर बसलो. उंच, चष्मेवाला, सावकाश बोलणारा माणूस. तो म्हणाला की ही गाठ अजून कॅन्सर नव्हती. तशीच राहिली असती तर पुढेमागे कदाचित झाली असती. आता निघाली आहे, काही वर्षांनी पुन्हा बघायचं. बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की त्या माणसाने बोलणं थांबवलं. मी रडले. आई म्हणाली, "थँक यू, डॉक्टर, सॉरी फॉर लास्ट टाइम."

बाबांना आता कारण हवं होतं. कारण मिळालं की ते घरातून काढून टाकता येतं. मसाल्याने झालं का? तेलाने? डॉक्टर म्हणाले, अमुक एका खाण्याने झालं असं कुणीच सांगू शकणार नाही. पण एकंदर पोटासाठी काही गोष्टी चांगल्या असतात. भाज्या, सालीसकट फळं, डाळी, पाणी, चालणं. वेळेवर जेवणं, घास चावून खाणं, दिवसभर चहावर न राहणं. मग त्यांनी सहज विचारलं, रात्री किती वाजता जेवता?

"एट थर्टी," बाबा म्हणाले.

"आय वॉज आस्किंग युअर वाइफ."

बाबांनी आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. आई पर्सचा बंद चाळवत होती.

"आफ्टर," ती म्हणाली.

"आफ्टर व्हॉट?"

ती विचारात पडली. मराठीत या प्रश्नाला उत्तर आहे. सगळ्यांचं झालं की. पण इंग्रजीत ते वाक्य तिला जमवता येईना. बरेच शब्द जुळवून पाहिले असावेत. शेवटी ती परत म्हणाली, "जस्ट आफ्टर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ट्राय सिटिंग डाउन," ते म्हणाले. बाबांनी ते फोनमध्ये लिहून घेतलं, औषधाचं नाव लिहून घ्यावं तसं.

त्या आठवड्यात बाबांनी जाहीर केलं की यापुढे घरात सातला जेवण, सगळ्यांनी एकत्र, आणि फुलके बंद. पोळ्या आधीच करून फडक्यात गुंडाळून डब्यात. हा त्याग किती मोठा आहे हे त्यांनी मला एकदा आणि पुण्याला फोनवर तीनदा सांगितलं. सातच्या त्या पहिल्या जेवणाला टेबलावर तीन पानं होती. आईला कुठल्या खुर्चीवर बसावं कळेना, कारण तिची अशी खुर्ची नव्हतीच. ती दोनदा उठली, एकदा मिठासाठी, एकदा कशासाठी ते तिलाच आठवेना. "बस," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतः वाढायला घेतलं. भात पानाबाहेर गेला, भाजी जास्त पडली, मग पातेल्यातून उकळती आमटी त्यांनी तिच्या वाटीत काठोकाठ ओतली. आईने वाटी तोंडाला लावली आणि नेहमीच्या घाईने मोठा भुरका घेतला.

वाटी तिच्या हातून टेबलावर आपटली. जीभ भाजली होती, डोळ्यांतून पाणी आलं. बाबा पाणी आणायला धावले. आई तोंडावर पदर धरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, आणि बोलता यायला लागल्यावर तिने अगदी खऱ्या आश्चर्याने विचारलं, "तुम्ही रोज एवढं गरम जेवता?"